शेवटच्या नळाचे पाणी

पाण्याविषयी लिहिण्याचा वकिलाला अधिकार काय, असे कोणी विचारील तर ते गैर होणार नाही. पाणी हा वैद्याचा विषय, अभियंत्याचा विषय, फार तर कवीचा. वकिलाचा पाण्याशी संबंध विहिरीच्या वाट्यापुरता आणि पाटाच्या पाळीपुरता. आम्हीही पुष्कळ वर्षे याच समजुतीत होतो. ज्या एका प्रकरणाने ती समजूत मोडली, ते प्रकरण आम्ही जिंकले होते. हरलो असतो तर हा लेख लिहिण्याची वेळ कदाचित आली नसती.

आम्ही राहतो ते सांवेर हे इंदूरहून उज्जैनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव, इंदूरपासून सुमारे दहा कोसांवर. येथील मारुतीची मूर्ती खाली डोके आणि वर पाय अशी उलटी आहे आणि तिच्या दर्शनाला दुरून माणसे येतात. पण या तालुक्यात त्याहून मोठी उलटी गोष्ट म्हणजे कान्ह नदी. नदीने गावाला पाणी द्यावे आणि गावाने तिला आई म्हणावे, ही जुनी रीत. इंदूरने आपले सांडपाणी कान्हेच्या ओटीत घातले, कान्हेने ते आमच्या तालुक्यातून वाहून नेले आणि उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेच्या स्वाधीन केले. २०१६ च्या सिंहस्थापूर्वी ही कान्ह नळांतून वळवून स्नानाच्या घाटांच्या पुढे सोडण्याची योजना झाली. २०२८ च्या सिंहस्थासाठी त्याहून मोठी बंदिस्त वाहिनी हाती घेण्यात आली. नदी स्वच्छ करणे कठीण पडले की ती दृष्टीआड करावी, हा त्यातला विचार. यात्रेकरूंसाठी तो सोयीचा असेल. नदीकाठच्या माणसाला मात्र आपल्या विहिरीत डोकावताना तिची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आमची आजी पेडण्याकडची. लग्न होऊन ती माळव्यात आली तरी विहिरीला ती शेवटपर्यंत ‘बांय’च म्हणत असे. पाणी घागरीतून हंड्यात ओतताना त्यावर चौपदरी फडके धरण्याचा तिचा नेम कधी चुकला नाही. “उदक गाळ्ळ्याबगर पियेवचें न्हय,” एवढेच ती म्हणे. आम्ही शाळकरी वयात तिला हसत असू, कारण पाणी डोळ्याला स्वच्छ दिसत असे. पुढे कायदा शिकलो तेव्हा आरोपी दोषी ठरेपर्यंत निर्दोष मानावा हे तत्त्व आम्ही फार अभिमानाने घोकले. आजीचे तत्त्व याच्या नेमके विरुद्ध होते. पाणी निर्दोष ठरेपर्यंत ते दोषीच मानावे, असे ती मानीत होती. या दोन तत्त्वांची आमच्या हातून एकदा गल्लत झाली, ती अशी.

सुमारे बारा वर्षांपूर्वी एका लहान गावच्या स्थानिक संस्थेचे वकीलपत्र आमच्याकडे होते. गावाचे नाव सांगणे आमच्या व्यवसायाच्या नीतीत बसत नाही, आणि सांगून काही साधणारही नाही. माळव्यात तशी गावे पुष्कळ आहेत. तेथील एका निवृत्त शिक्षकांनी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज केला होता. आपल्या गल्लीच्या टोकाच्या नळाला दुर्गंधीचे पाणी येते, तो उपद्रव दूर करण्याचा हुकूम व्हावा, एवढीच त्यांची मागणी. अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली होता. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तीच तरतूद आता कलम १५२ म्हणून आली आहे.

गुरुजींनी वकील दिला नव्हता. त्यांच्याजवळ दोनच वस्तू होत्या. एक पिवळट पाण्याची बाटली आणि दुसरे रतलामच्या निकालाचे, घडीवर फाटलेले वर्तमानपत्राचे कात्रण. रतलाम आमच्या माळव्यातलेच. तेथील उघड्या गटारांना कंटाळलेल्या रहिवाशांनी याच कलमाखाली नगरपालिकेला दंडाधिकाऱ्यांपुढे खेचले होते आणि ते भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला की पैसा नाही ही सबब सांगून नगरपालिकेला आपल्या मूळ कर्तव्यातून सुटका करून घेता येणार नाही. गुरुजींना कलमांची भाषा येत नव्हती, परंतु या निकालाचा मथितार्थ त्यांना अनेक वकिलांपेक्षा चांगला कळला होता.

आम्ही आमचे काम केले. बाटलीला मोहोर नाही, पंचनामा नाही, ती कोणत्या नळाखाली कोणी कधी धरली याला साक्षीदार नाही. सबब ती पुराव्यात घेता येत नाही. रतलामची गटारे डोळ्यांना दिसत होती. येथे उपद्रव आहे हेच शाबीत व्हायचे आहे. उलट आमच्या पक्षकाराने प्रयोगशाळेचा रीतसर अहवाल दाखल केला आहे आणि त्याप्रमाणे पाणी पिण्यास योग्य आहे. गुरुजी उभे राहून म्हणाले, “साहेब, मग सरकारी माणसानेच येऊन माझ्या नळाचे पाणी भरून न्यावे.” अधिकृत अहवाल दाखल असताना पुन्हा नमुना घेण्याचे प्रयोजन नाही, अशी आम्ही हरकत घेतली. ती मान्य झाली. अर्ज निकालात निघाला.

त्या अहवालाच्या माथ्यावर बारीक अक्षरांत एक ओळ होती. नमुना घेतल्याचे ठिकाण: टाकीजवळील नळ. टाकी गावाच्या एका टोकाला, गुरुजींची गल्ली दुसऱ्या टोकाला. आम्ही ती ओळ वाचली होती. गुरुजींनी वाचली नव्हती. आम्ही ती वाचून दाखविली नाही.

पावसाळा उलटल्यावर दुसऱ्या एका कामासाठी त्या गावी जाणे झाले, तेव्हा कळले की गुरुजींच्या सुनेला आठव्या महिन्यात कावीळ झाली. ती कशीबशी वाचली, मूल गेले. आम्ही भेटायला गेलो. का गेलो हे नीटसे सांगता येणार नाही. गुरुजींनी सतरंजी घातली, कुशल विचारले आणि तांब्या-फुलपात्र पुढे ठेवून म्हणाले, “घ्या वकीलसाहेब, उकळलेले आहे.” या वाक्यात टोमणा होता की निव्वळ आतिथ्य, हे आम्हाला आजही ठरविता आलेले नाही. पाणी आम्ही प्यालो. ती कावीळ त्या नळानेच झाली असे कोणतेही न्यायालय म्हणणार नाही, आणि पुराव्याच्या कायद्याने पाहिले तर आमच्याकडे कसलाच दोष येत नाही. हीच गोष्ट आम्हाला स्वस्थ बसू देत नाही.

तेव्हापासून आम्ही पाण्याविषयी मिळेल ते वाचू लागलो. आमच्या देशात पिण्याच्या पाण्याचे एक मानक आहे. भारतीय मानक १०५००. त्याची २०१२ ची आवृत्ती पुढील दुरुस्त्यांसह चालू आहे. त्यात पाण्याच्या रंगापासून शिशापर्यंत प्रत्येक गोष्टीची मर्यादा घातली आहे. नायट्रेट दर लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत, त्यापुढे सवलत नाही. फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत. दुसरा साठाच नसेल तर दीडपर्यंत. विष्ठेतून येणारा ई-कोलाय जंतू १०० मिलिलिटर पाण्यात एकही सापडता कामा नये. हे आकडे शोभेसाठी घातलेले नाहीत. नायट्रेट फार झाले तर तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि मूल निळसर पडते. आणि हे पाणी उकळल्याने सुधारत नाही. जंतू उष्णतेने मरतात, पण नायट्रेट तसेच राहते. पाणी आटले की उलट त्याचे प्रमाण वाढते. खताची शेते आणि सांडपाणी या दोहोंच्या मध्ये खोदलेल्या कूपनलिकेवर ज्यांचे घर चालते, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

तथापि या मानकात आम्हाला खरा धक्का दिला तो क्लोरीनच्या ओळीने. पाणी निर्जंतुक केल्यावर त्यात थोडा क्लोरीन शिल्लक राहावा लागतो, निदान लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम; आणि त्याची तपासणी ग्राहकाच्या टोकाला करावी, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. टाकीजवळ नव्हे, ग्राहकाच्या टोकाला. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर हे प्रमाण ०.५ असावे, असेही पुढे म्हटले आहे. गुरुजी भर न्यायालयात मागत होते ते हेच. मानक त्यांच्या बाजूने होते. त्या दिवशी त्या दालनात ते कोणीही वाचलेले नव्हते, आम्हीही नाही.

टोकालाच का, याचे कारण नळाच्या पोटात आहे. आमच्याकडे नळाला पाणी चोवीस तास नसते. इंदूरसारख्या शहरातही ते दिवसाआड येते. नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर दूर आणि विंध्याच्या माथ्यावर चढवून १९७८ साली प्रथम इंदुरात आणले गेले, तेव्हा शहराने उत्सव मानावा असेच ते काम होते. परंतु डोंगर चढून आलेले पाणीही शेवटी जुन्या गल्ल्यांतील जुन्या नळांतूनच फिरते. पाणी सुरू असते तोवर नळात दाब असतो आणि जेथे भेग असेल तेथून पाणी बाहेर झिरपते. पाणी बंद झाले की दाब जातो, आणि त्याच भेगेतून भोवतालचा ओलावा आत ओढला जातो. शेजारून गटार जात असेल तर तो ओलावा कसला, हे सांगावयास नको. टाकीत सोन्यासारखे असलेले पाणी शेवटच्या नळाला जाईपर्यंत वाटेतल्या सगळ्या गटारांची ओळख करून घेते. म्हणून टाकीजवळचा नमुना हा पाण्याच्या बालपणाचा दाखला होय. त्यावरून त्याच्या पुढच्या वर्तनाची हमी देता येत नाही.

आणि नमुना शुद्ध ठरला तरी निश्चिंत होऊ नये, हा धडा दिल्लीने १९५५ सालीच देऊन ठेवला आहे. त्या वर्षी पुरानंतर नजफगढ नाल्याचे घाण पाणी वझिराबादच्या यमुनेतील उपशाच्या जागेपर्यंत मागे सरकले. जलशुद्धी केंद्राने क्लोरीन वाढविला, जंतूंच्या चाचण्या समाधानकारक आल्या, पटकी-विषमज्वराची साथ आली नाही. पण दीड महिन्याच्या आत सुमारे २९,००० माणसे काविळीने पिवळी पडली. गर्भवती स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण अधिक होते. जंतू मेले होते, विषाणू तरले होते. त्या काळी जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून पुढे या विषाणूची स्वतंत्र ओळख पटली आणि त्याला हेपॅटायटिस-ई हे नाव मिळाले. हे वाचले त्या रात्री गुरुजींच्या सुनेचा आठवा महिना आम्हाला पुन्हा आठवला.

मग हे सर्व ठाऊक असताना अडते कोठे? आमच्या मते अडते ते कर्तव्याच्या जागी. दुकानातील बाटलीबंद पाणी कायद्याने ‘अन्न’ ठरते आणि ते दूषित निघाले तर विकणाऱ्यावर खटला भरता येतो. घरातील नळाचे पाणी पुरविणाऱ्या संस्थेवर मात्र हेच मानक पाळण्याची कायद्याने सक्ती नाही. तिच्यासाठी ते मार्गदर्शक आहे. शुद्ध पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाष कुमार प्रकरणात सांगितले. हक्क इतका वर, आणि त्याला पाळणारे कर्तव्य इतके ढिले! ज्याला पैसे आहेत तो बाटली विकत घेऊन कायद्याचे संरक्षण मिळवितो. ज्याला नाहीत तो नळाखाली सल्ल्यावर जगतो. हे अशक्य कोटीतील काम आहे असेही नाही. २०१९ साली मानक ब्यूरोने निरनिराळ्या राजधान्यांतील नळांचे नमुने तपासले, तेव्हा मुंबईचे सगळे नमुने सगळ्या कसोट्यांना उतरले आणि दिल्लीचे पुष्कळ कसोट्यांना नापास झाले. देश एक, मानक एक. फरक पडला तो व्यवस्थेने.

डिसेंबर २०२५ च्या अखेरीस इंदूरच्या भागीरथपुऱ्यात जे घडले ते वाचकांनी वृत्तपत्रांतून वाचले असेलच. २०१७ पासून वर्षानुवर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून गौरवलेल्या नगरात, पिण्याच्या नळात मैल्याचे पाणी मिसळले, शेकडो माणसे आजारी पडली आणि अनेक दगावली. मुख्य जलवाहिनीला गळती होती आणि त्याच जागी वर शौचालय उभे होते, असे तपासणीत आढळले. पाण्याला वास येतो ही रहिवाशांची तक्रार आधीपासूनची होती. मृतांच्या संख्येवरून शासन आणि रहिवासी यांचे एकमत झाले नाही. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाला लक्ष घालावे लागले. ज्या राजाने गंगा खाली आणली त्याच्या नावाच्या वस्तीत हे व्हावे, याला काय म्हणावे? आम्हाला त्या बातम्यांत भगीरथ दिसला नाही. आम्हाला बाटल्या धरून उभी असलेली माणसे दिसली, आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही बाटलीला मोहोर नसणार, हे आम्ही व्यवसायाच्या सवयीने ओळखले.

याच इंदुरात १९१७ च्या सुमारास होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलाविले होते. प्लेगने शहर हैराण झाले होते. गेडिसने दिवाळीची एक मोठी मिरवणूक योजली आणि जाहीर केले की ती ठरलेल्या राजमार्गाने न जाता ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ दिसतील त्यांतून जाईल. लोकांनी घरे झाडली, भिंती रंगविल्या, वर्षांचा कचरा गाडे भरभरून बाहेर काढला. १९१८ साली त्याने इंदूरच्या नगररचनेवर दोन खंडांचा अहवाल दिला, तो अभ्यासक आजही वाचतात. आम्हाला मात्र त्या मिरवणुकीतच अधिक शहाणपण दिसते. मानाची पालखी राजवाड्यापाशी न थांबता गल्लीपर्यंत जाईल, हे कळताच गल्ली जागी झाली. तपासनिसाची बाटली टाकीपाशी न थांबता शेवटच्या नळापर्यंत जाईल असे ठरले, तर नळही जागे होतील.

याला मोठा खर्च लागत नाही. क्लोरीन तपासण्याची कुपी लहान असते. पाण्यात थेंब टाकले की ते पिवळे होते, न झाले तर क्लोरीन उरलेला नाही असे समजावे. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत टीसीएल पावडर टाकणारा शिपाईसुद्धा ही परीक्षा जाणतो. ती गावाच्या शेवटच्या नळावर करावी आणि तारखेसह फळ्यावर लिहावी. रासायनिक तपासणीचा नमुनाही तेथूनच जावा. वासाची तक्रार आली की तक्रारदाराने पुरावा आणावा असे न म्हणता संस्थेनेच पाणी निर्दोष असल्याचे दाखवून द्यावे. कायदा शिकलेल्या माणसाला हे उफराटे वाटेल. पण माणसाच्या बाबतीत चूक झाली तर एक निरपराध तुरुंगात जातो म्हणून शंकेचा फायदा आरोपीला द्यायचा असतो. पाण्याच्या बाबतीत तो फायदा पाण्याला दिला तर निरपराध माणसे स्मशानात जातात. आजीच्या चौपदरी फडक्यात एवढे न्यायशास्त्र होते.

आम्ही त्या संस्थेचे वकीलपत्र पुढच्या वर्षी सोडले. परंतु ज्या वादात एका बाजूने उभे राहिलो त्याच वादात दुसऱ्या बाजूने उभे राहता येत नाही, असा आमच्या व्यवसायाचा नियम आहे आणि तो योग्य आहे. गुरुजींसाठी न्यायालयात आम्ही काही करू शकत नाही. म्हणून हे लिहिणे.

वाचकांनी, मग ते माळव्यातले असोत, कोकणातले असोत की गोव्यातले, आपल्या गावच्या पाण्याचा अहवाल एकदा मागून घ्यावा. तो मागण्याचा अधिकार माहितीच्या कायद्याने २००५ पासून आपणा सर्वांना आहे. आकडे नंतर वाचावेत. आधी वरची बारीक अक्षरांतली ओळ शोधावी: नमुना कोठून घेतला? ती ओळ वाचावी, आणि चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवावी. आम्ही एकदा ती वाचून दाखविली नव्हती.